दिवसा जागं रायेल असं जनावर

माझ्या जागी जनावर आणायचं ठरलं, तवा मला कुणी विचारलं नाय. निवडायला मात्र घेऊन गेले.

मी लेकीकडं बोईसरला रायते. म्हंजे अर्धं वरीस रायते. पाऊस लागायच्या आदी मी वर गावाला जाते, विक्रमगडच्या पुढं, आणि नाचणी कापून दिवाळीनंतर खाली येते. वर माझं वरकस हाय, डोंगराच्या उताराला. दगड जास्ती, माती कमी. नाचणी होते, वरई होते, खाली एक खाचर हाय त्यात थोडं भात होतं. नवरा वीटभट्टीवर असताना गेला. ताप आला आणि गेला. तवापासून मीच पेरते. एक पाऊस पेरलं नाय तर दिराची पोरं त्यात नांगर घालतील, आणि एकदा त्यांचा नांगर गेला की ते माझं रायलं नाय. ती पोरं वाईट नायत. रिकामी जमीन कुणी बी नांगरतं. मी बी नांगरली असती.

खाली लेकीची एक खोली हाय, चाळीत, कारखान्यांच्या अलीकडं. लेक पॅकिंगला जाते. सकाळी जाते ती दिवे लागल्यावर येते. जावय दुसऱ्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत रायतात. तो जळगावकडचा. मला मामी बोलतो, जेवताना आमच्या कालवणात तिखट नाय बोलतो, बाकी काय तक्रार नाय. त्यांना एकच मुलगी. मी सांगते त्या उन्हाळ्यात ती तिसरी पास होऊन चौथीत जाणार होती. शाळा सकाळची, दुपारी सुटते.

आदल्या पावसात मी वर होते, तवा नातीच्या गळ्यात चावी बांधलेली. शाळेतून यायचं, कुलूप काढायचं, ताटाखाली झाकलेलं खायचं, आतून कडी लावायची, आई येईपर्यंत दार उघडायचं नाय. असं तिला शिकवलेलं. दिवाळीनंतर मी खाली आले तर शेजारीण मला नळावर बोलली, आजी, तुमची पोर कुलूप काढतच नव्हती. दाराच्या पायरीवर बसायची. पाऊस आला की पत्र्याखाली सरकायची, गेला की परत पायरीवर. संध्याकाळपर्यंत उपाशी. शेजारणीने आपल्या घरात बोलावलं तर मान हलवायची. चावी गळ्यात तशीच.

मी नातीला विचारलं, कुलूप का नाय काढलं.

"आत कोण नाय," ती बोलली.

तेवढंच बोलली. मी लेकीला विचारलं, तुला हे माहीत होतं का. बोलली, माहीत होतं. मंग? मंग काय आये, काम सोडू का. तिचं बी बरोबर होतं. काम सोडलं असतं तर खोली सुटली असती, आणि मंग पायरी बी नसती बसायला.

म्हंजे मी वर गेले तर पोर पायरीवर. नाय गेले तर जमीन गेली. सगळा उन्हाळा ह्यावर बोलणं झालं, पण बोलून कुणाचं काय सरकलं नाय. मंग जावय बोलला की पोरीला एक जनावर आणू. आत कोणतरी पायजे ना, मंग आत कोणतरी ठेवू.

कुत्र्याला घरमालक नाय बोलला. मांजर आणली तर तारापूरकडून मासे घेऊन येते ती मावशी आमच्या गल्लीत बसायची बंद होईल, असं शेजारणींचं मत पडलं. मासे पाळावे तर मासे हाक देत नायत. शेवटी दोन जनावरं उरली. एक हॅमस्टर. ते नातीने आईच्या मोबाईलवर बघितलेलं, चक्रात पळतं. दुसरं गिनीपिग. ते लेकीने बघितलेलं, तिच्या सुपरवायझर बाईच्या घरी, अणुशक्तीच्या कॉलनीत. बाई दार उघडते तर आतनं शिट्टी मारतं, असं लेक बोलली.

मी दोन्ही फोटोत बघितली. दोन्ही उंदीर होते. एक बारका, एक मोठा.

मासेवाल्या मावशीला कळलं, तवा तिने टोपलीवर हात ठेवून मला विचारलं, "आजी, मी म्हावऱ्याला उंदीर लागतात म्हणून औषध आणते, तुमी पैसे देऊन उंदीर आणताय?"

"दोघातला कुठला ते ठरायचंय," मी बोलले.

जावयाचं मत हॅमस्टरकडं. एकच लागतो, एकटाच रायतो, दुसरा ठेवला तर भांडतो. पिंजरा फ्रीजवर बसेल. खातो चिमूटभर. त्याने मोबाईलवर सगळं वाचलेलं. गिनीपिग मोठं, एकटं ठेवलं तर झुरतं, म्हणून दोन लागतात, आणि त्यांना रोज गवत. लेक मधेच. तिचं मत, वास कुणाचा कमी येतो ते बघा. नातीचं मत कुणी विचारलं तर ती बोलायची, बघून सांगते.

जावयाला सुट्टी होती त्या दिवशी आमी तिघं एसटीने पालघरला गेलो. तिथं एक पाळायची जनावरं विकायचं दुकान हाय. लेकीला ओव्हरटाईम होता.

दुकानात पिंजऱ्यावर पिंजरे. बारके पक्षी, ससे, काचेत मासे. हॅमस्टर एका काचेच्या पेटीत होता. म्हंजे होता असं दुकानवाला बोलला, दिसत नव्हता. भुशात गाडून घेऊन झोपलेला. दुकानवाल्याने बोटाने उकरला तवा वर आला. पिवळसर, माझ्या मुठीएवढा, डोळे अर्धे मिटलेले. दिनभर सोता है, रात को खेलता है, असं दुकानवाल्याने सांगितलं. त्याने सूर्यफुलाच्या बिया टाकल्या. हॅमस्टरने एक बी खाल्ली नाय. सगळ्या गालात भरल्या. आदी एक गाल भरला, मंग दुसरा. डोकं दुप्पट झालं. तसाच कोपऱ्यात गेला, सगळं काढून ठेवलं, वर भुसा लोटला आणि परत आला. नात हसली. जावय हसला. मला हसायला आलं नाय, कारण ह्याला मी ओळखत होते.

मी बारकी होते तवा भात कापून झालं की आये आमाला घेऊन बांधावर जायची. शेत दुसऱ्याचं. भात बी त्याचं, ते त्याने उचलून नेलेलं. बांधातलं बीळ कुणाचं नव्हतं. उंदीर कापणीच्या आदीच कणसं तोडून आत नेतो आणि नीट रचून ठेवतो, दांडे एका बाजूला, दाणे एका बाजूला. माणूस एवढं नीट रचत नाय. एका बिळाला पुष्कळ तोंडं असतात. आये फिरून सगळी शोधायची, दोन सोडून बाकीची दगडाने बुजवायची. एकातनं पेंढ्याचा धूर फुंकायची. दुसऱ्या तोंडाशी आमी काठ्या घेऊन. धूर निवला की खणायचं. कणसं कदी टोपलीभर निघायची, कदी ओंजळभर. ते भात आमी कांडून खाल्लं. उंदीर बी खाल्ला. भाजून, मीठ लावून. शेतातला उंदीर भातच खातो, चांगला लागतो. घरातला नाय खायचा. निघताना आये त्या बिळात एक मूठ भात परत टाकायची आणि वरनं माती लोटायची. घरी चूल पेटलेली नसली तरी ती मूठ टाकायची.

तर हॅमस्टर तोच होता. फक्त रंग वेगळा आणि चक्र.

गिनीपिग बाजूच्या पिंजऱ्यात होती. सगळी जागी. एकमेकांना चिकटून बसलेली, कोथिंबिरीच्या काड्या खात. शेपूट नाय. कान पाकळीसारखे. दुकानवाल्याने प्लास्टिकच्या पिशवीत हात घातला, त्याचा आवाज झाला, तर सगळी मान वर करून शिट्टी मारायला लागली. कुकरला पहिली शिट्टी यायच्या आदी आवाज होतो ना, तशी. नात पिंजऱ्याला नाक लावून उभी. दुकानवाल्याने त्यातलं एक काढलं, आजी पकडो बोलला, आणि माझ्या हातात दिलं.

हातात जनावर दिलं तर माणूस काय करेल. मी ते तळव्यावर तोललं. मंग उलटं केलं, पोटावर फुंकर मारली, केस बाजूला झाले, खालची कातडी बघितली. गुलाबी, गच्च, चरबी धरलेली. बाजारात कोंबडी घेताना आमी असंच बघतो.

"चांगलं हाय," मी जावयाला बोलले. "दोन माणसांचं होईल."

दुकानवाल्याने ते माझ्या हातातनं काढून घेतलं. हळूच घेतलं, पण घेतलं.

"माजी, ये खाने का नहीं है."

"माहीत हाय," मी बोलले. "अंगाने चांगलं हाय ते सांगितलं."

जावय मासे बघायला पलीकडं गेला. नात पिंजरा सोडून माझ्याकडं बघत रायली.

"आजी, तू हे खाल्लंयस?"

"हे नाय."

"मग?"

"उंदीर."

आमी काय न घेता परत आलो. एसटीत नात बापाच्या बाजूला बसली, मी पुढच्या सीटवर. घरी आल्यावर तिने आईला सांगून टाकलं की तिला कुठलंच जनावर नको. आणलं तर आजी वरनं परत आल्यावर खाईल.

लेक भाकरी थापत होती, थापत रायली. उंदीर तिने बी खाल्लेला, बारकी असताना, पण जावयासमोर कोण बोलणार. जावय बोलला, मामी, तुमी घरात असताना ह्या चाळीत उंदीर कसे रायलेत तेच कळत नाय. मी बोलले, हे घरातले हायेत, घरातले खात नाय. तो हसला नाय. मी बी हसवायला बोलले नव्हते.

पण माझी पंचाईत झाली. पाऊस जवळ येत चाललेला. वर राब भाजायचा होता, रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा होता, बांध बघायचे होते. आणि इथं माझ्या जागी यायला कोण तयार नाय, असं झालं. नात माझ्याशी बोलायची, पण जेवढं काम तेवढंच. मी वाढलेलं खायची. खायच्या आदी ताटात बघायची.

दोन-तीन दिवसांनी मी तांदूळ निवडत बसलेले. ती आली आणि सुपाच्या पलीकडं बसली. खडे काढायला लागली. थोडे काढल्यावर तिने विचारलं, उंदीर कसा धरतात. मी सांगितलं. सगळं सांगितलं, तोंडं, दगड, धूर, काठी. लपवण्यासारखं काय नव्हतं, आणि तिने विचारलेलं. लेक चुलीकडनं डोळे वटारत होती. मी मुठीचं बी सांगितलं.

नातीने हात थांबवला.

"उंदीर तर तुमी खाल्ला. मग मूठ कुणाला ठेवली?"

मी विचार केला. आयेसोबत एवढी बिळं खणली, एवढ्या मुठी टाकताना बघितल्या, मंग पुढं स्वतः बी टाकल्या, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आयेने सांगितलं नाय," मी बोलले.

"तू विचारलं नाय?"

"भूक होती."

ती उठून गेली. मी उरलेले तांदूळ निवडले. पण ते डोक्यात रायलं. सकाळी पाणी भरताना बी रायलं. आये देवाधर्माची बाई नव्हती, उगाच दाणा टाकणारी तर नव्हतीच. दुपारी मी नातीला हाक मारली आणि जे सुचलं ते सांगितलं. रिकामं बीळ दुसरा उंदीर धरतो. येतो, आत शिरून बघतो. आत दाणा असला तर रायतो. नसला तर निघून जातो.

"म्हणजे दुसऱ्याला ठेवली."

"हो."

"आणि पुढच्या वर्षी?"

"त्याला बी खाल्ला."

तिने माझ्याकडं नीट बघून घेतलं. मला वाटलं आता ही परत उठून जाईल. नाय गेली.

"म्हणजे फसवलं त्याला," ती बोलली.

"आयेने फसवलं. मी बारकी होते."

आता ती हसली. का हसली ते मला कळलं नाय. मंग तिने मला अटी घातल्या. आजीने जनावराला उचलायचं नाय. तोलायचं नाय. उलटं करायचं नाय. फुंकर मारायची नाय. मी बोलले बरं. हातात घेऊन तरी मला काय करायचं होतं.

मंग परत तेच, कुठलं आणायचं. नात बोलली की चक्रात पळतो तो बी चांगला हाय, शिट्टी मारतं ते बी. जावय हॅमस्टरवरच. त्या आठवड्यात त्याची रातपाळी, म्हणून दिवसा पडद्याआड झोपलेला. लेकीला सुट्टी होती. मी तिला हळू आवाजात बोलले, "दिवसभर झोपणारा एक हाय आपल्या घरात. रातपाळीच्या दिवसात तो आत असून बी पोर पायरीवरच बसायची. हॅमस्टर बी भुशात झोपणार. शाळेतून येऊन हिने काय, उकरून बघायचं का, आत कोण हाय ते?"

"मामी, मी ऐकतोय," पडद्याआडून आवाज आला.

"मंग ऐका," मी बोलले. "तुमाला बोलले नाय, हॅमस्टरला बोलले. पण काम दिवसाचं हाय. दिवसा जागं रायेल असं जनावर पायजे."

त्याने पडदा सरकवला. मंग बोलला, आणि रोज गवत कोण आणणार.

"मी आणीन."

"तुमी तर वर जाताय."

"वर गवतच हाय," मी बोलले.

हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्याकडं कापूस पिकतो, गवत म्हंजे काय ते त्यांना माहीत नसणार. आमच्याकडं दिवाळीनंतर सगळा डोंगर गवताचा. उभं पिवळं गवत, कमरेपर्यंत. ते कापायचं काम होतं. मी परकर नेसायची तवापासून लेक चालायला लागेपर्यंत केलं. उजाडता विळा घेऊन निघायचं, वाकायचं, उन्हं उतरल्यावर सरळ व्हायचं. कुसळं अंगात शिरायची. हाताला बारीक बारीक चिरा पडायच्या, त्यात घाम. लेकीला झोळीत बांधून झाडाला टांगलेली. भारे बांधायचे, डोक्यावर वखारीला न्यायचे. वखारीत ते दाबून गाठी करायचे, ट्रकात भरायचे. कुठं जातं विचारलं तर बोलायचे मुंबईला, तबेल्यात. मी म्हैस बघितलेली होती. पण माझं गवत खाणारी म्हैस कदी बघितली नाय. एवढं कापलं, पण ते कुणाच्या तोंडात जाताना दिसलं नाय.

तर गिनीपिग ठरलं. दोन आणली, दोन्ही माद्या. एक तपकिरी, एक पांढरी, तिच्या कमरेला काळा पट्टा. दुकानवाल्याने मला ओळखलं. पिंजरा जावयाच्या हातात दिला.

पिंजरा फ्रीजवर बसला नाय. माझी वळकटी असायची त्या कोपऱ्यात बसला. वळकटी पलंगाखाली गेली. जावय बोलला, मामी, तुमी जाईपर्यंत अडचण होईल. मी बोलले, माझीच जागा हाय, माझ्यासमोर भरली तर काय झालं.

भाजीवाला कोथिंबिरीच्या काड्या आणि फ्लॉवरचा पाला फुकट द्यायचा. मी चाळीच्या मागं जाऊन हिरवं गवत कापून आणायची, पण जावय बोलला की कारखान्याच्या बाजूचं नको. त्याने गवताचं पाकीट आणलं. सुकं गवत, प्लास्टिकच्या पाकिटात, वर सशाचं चित्र. ते तांदळापेक्षा महाग होतं. मी पाकीट उघडून वास घेतला. गवत बरं होतं. लांब कापलेलं नव्हतं, आणि वेळेवर वाळवलेलं नव्हतं, पण बरं होतं. कुणीतरी वाकून कापलेलं होतं.

मला एक गोष्ट जायच्या आदी बघायची होती. शाळा सुरू झाल्यावर तर मी नसणार. म्हणून मी नातीला चावी घेऊन भाजीवाल्याकडं पाठवलं, काड्या आण बोलले, आणि बाहेरनं कुलूप लावून स्वतः शेजारणीकडं जाऊन खिडकीशी बसले. नात आली. दाराशी आली, कुलूप बघितलं आणि पायरीवर बसली. सवयच ती. मी मनात बोलले, गेलं सगळं, जमीन गेली.

मंग तिच्या हातातली पिशवी वाजली. काड्यांची, प्लास्टिकची. आतनं शिट्टी आली. मंग दुसरीची आली. नातीने मान वळवून दाराकडं बघितलं. पिशवी परत वाजवली, मुद्दाम. परत शिट्टी. शेजारीण बोलली, आता ही पोर पिशवीच वाजवत बसते वाटतं. वाजवली बी थोडा वेळ. मंग उठली, गळ्यातली चावी काढली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी विक्रमगडची एसटी धरली. नात स्टँडवर आली नाय. पिंजरा धुवायचा दिवस होता.

पाऊस बरा झाला. नाचणी लावली, भात लावलं. दिराची पोरं बांधावर येऊन बसायची, काकी एकटीच हायेस का, विचारायची. एकटीच हाय, मी बोलायची, उद्या बी हाय. आमच्याकडं फोन लागतो तो टाकीच्या वरच्या टेपाडावर. मी संध्याकाळी वर चढून लेकीला लावायची. ती सांगायची, हो, कुलूप काढते. हो, जेवते. दार उघडायच्या आदी पिशवी वाजवते. दप्तरात एक रिकामी पिशवीच ठेवलीय. कदी फोन नातीकडं गेला तर ती दोघींच्या गोष्टी सांगायची. कोण कुणाचा पाला ओढते, कोण कुणाच्या अंगावर चढून झोपते. माझं काय चाललंय ते विचारायची नाय. मी बी सांगायची नाय. नाचणीचं काय सांगणार.

दिवाळीला बोईसरची माणसं वर आली नायत. दर वर्षी येतात. लेक बोलली, दोघींना कुणाकडं ठेवणार. मी भाताचे पोहे कांडून ठेवलेले, ते दिराच्या पोरांनी खाल्ले.

नाचणी कापून झाली, मंग मी विळा घेऊन डोंगरावर गेले. किती तरी वर्षांनी. आता ते काम कोण करत नाय, वखारी बी बंद पडल्या. गवत उभंच रायतं आणि उन्हाळ्यात पेटतं. मला वाकायला वेळ लागला आणि सरळ व्हायला जास्ती. जाड काडी सोडून बारीक बारीक कापलं, पसरून वाळवलं, उलटं केलं, परत वाळवलं. कुसळं झटकून काढली. वखारीवाल्यासाठी एवढं कुणी केलं नसतं. युरियाच्या गोणीत दाबून भरलं. एसटीत कंडक्टर बोलला, आजी, घास कुठं नेताय, बोईसरला म्हशी हायेत का. मी बोलले, दोन हायेत.

चाळीत पोचले तवा दुपार. दाराला कुलूप. माझ्याकडं चावी नाय, मी कदी ठेवलीच नाय. मी पायरीवर बसले आणि गोणी बाजूला टेकवली. गोणी प्लास्टिकची, टेकवली तशी वाजली.

आतनं शिट्टी आली. मंग दोन्ही लागल्या. मी हलले की गोणी वाजायची आणि गोणी वाजली की ह्या ओरडायच्या. म्हणून मी हलले नाय. शेजारीण बाहेर आली, बोलली, आजी, तुमाला आत बोलवतायत. मी बोलले, मला कुठं, गवताला. शेजारणीने तिच्या घरात बोलावलं. मी मान हलवली. इथं बरं हाय बोलले.

नात आली ती पळतच. दप्तर पाठीवर उड्या मारतंय, चावी हातात. उंच झालेली. मला बघितलं, "आजी, आलीस?" बोलली, आणि माझ्या खांद्यावरनं हात घालून कुलूप काढलं. पिशवी वाजवायची बी गरज पडली नाय. मला ओलांडून आत गेली. मी गोणी ओढत मागनं गेले.

तिने आदी दोघींना पाणी दिलं. मंग गोणीत हात घालून गवत काढलं, वास घेतला, कुसळ हाय का बघितलं. कुसळ नव्हतं. पिंजऱ्यात टाकलं. दोघी त्यात डोकी घालून खायला लागल्या. कर कर कर आवाज. मी पिंजऱ्यासमोर बसून बघितलं. गवत तोंडात जाताना दिसत होतं. एक एक काडी, टोकापासून, आत आत जात संपायची.

जेवण झालं. तिने माझं बी ताट वाढलं. ती बशी विसळत होती आणि मी भिंतीला टेकून पाय लांब केलेले, वाकून वाकून कंबर धरलेली. ती पिंजऱ्याकडं गेली, तपकिरीला बाहेर काढलं, माझ्यापाशी घेऊन आली. मी हात मागं घेतले. अट मला आठवत होती.

"मांडी नीट कर," ती बोलली.

मी मांडी घातली. तिने तपकिरीला मांडीवर ठेवलं. पावसात चांगलीच भरलेली. किती भरलेली ते मांडीला कळतंच, त्याला हात लावायला लागत नाय. ती थोडा वेळ दबून बसली, मंग माझ्या लुगड्याला अडकलेली गवताची एक काडी दिसली, ती ओढून खायला लागली.

नात समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"फुंकर मारू नको," ती बोलली.

मी मारली नाय.